गोगलगायीचं आजारपण : औषधावर नको, बादलीवर खर्च करा

सव्वाशे रुपयांची बाटली आणि चार गोगलगायी. एवढी किंमत मोजून मी हे शिकलो. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून दुकानात गेलो, दुकानदाराने एक निळी बाटली पुढे सरकवली आणि ‘सगळ्यांना चालतं’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे ठणठणीत होते. चारही गोगलगायी मात्र टँकच्या तळाशी उताण्या पडल्या होत्या, शंखांची झाकणं उघडी. मग मी भिंग घेऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली : कॉपर सल्फेट. म्हणजे मोरचूद. तळ्यातल्या गोगलगायी मारायला वापरतात तेच.

तुम्ही मनोरीत राहत असाल किंवा मालाड-बोरिवलीकडे, आणि घरातल्या गोड्या पाण्याच्या टँकमध्ये गोगलगायी असतील, तर एक गोष्ट आधीच पक्की करा. गोगलगायीच्या अंगातल्या जंतांवर दुकानात खात्रीचं औषध मिळत नाही. जे ‘जंतांचं औषध’ म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं जंतांबरोबर गोगलगायही मारतं. तेव्हा पैसे औषधावर घालवू नका, नवी गोगलगाय महिनाभर वेगळी ठेवायच्या बादलीवर घाला.

कुठून घ्याल, काय भाव

खाली दिलेले सगळे भाव अंदाजाचे आहेत. दुकानागणिक फरक पडतो आणि रविवारी भाव थोडा चढतो.

साध्या रॅम्सहॉर्न आणि ट्रंपेट गोगलगायी पाच ते वीस रुपयांना एक अशा मिळतात. खरं तर त्या विकत घेऊच नका. ज्याच्याकडे टँक आहे त्याच्याकडे त्या नको इतक्या झालेल्या असतात, मागितल्या की मूठभर मिळतात. मिस्टरी स्नेल तीस ते शंभर, नेराइट पन्नास ते दीडशे. असॅसिन स्नेल, म्हणजे इतर गोगलगायी खाणारी, ऐंशी ते दीडशे. मोठा साठा हवा असेल तर कुर्ला पश्चिमेचा शोभिवंत माशांचा बाजार किंवा क्रॉफर्ड मार्केट. दोन-चारच हव्या असतील तर तेवढ्यासाठी मनोरीहून शहरात उतरू नका. रिक्षा, लोकल आणि फेरीचे पैसे धरले तर साठ रुपयांची गोगलगाय तीनशेला पडते. मालाडमध्ये काम असेल त्या दिवशी घ्या आणि येताना स्टेशनहून २७२ नंबरची बस धरून मार्वेला, मनोरीच्या फेरीपर्यंत या.

पिशवी फेरीत उन्हात ठेवू नका. मिस्टरी स्नेलला तर पाण्याच्या पिशवीची गरजही नाही. ओल्या टिश्यूत गुंडाळून, भोकं पाडलेल्या डब्यात ती दिवसभर आरामात राहते. त्यामुळे ‘ऑक्सिजन पॅकिंग’चे वेगळे वीस-तीस रुपये कुणी मागितले तर नको म्हणा. घरपोच मागवत असाल तर आधी तीन गोष्टी लिहून घ्या : पॅकिंग किती, कुरिअर किती, आणि माल मेलेला आला तर बदलून देणार की पैसे परत करणार. चाळीस रुपयांच्या गोगलगायीवर अडीचशे रुपयांचं कुरिअर बिलाच्या शेवटच्या ओळीत उगवतं.

दुकानात दोन प्रश्न विचारा. पहिला : टँकमध्येच वाढलेली आहे का? मिस्टरी आणि रॅम्सहॉर्नच्या बाबतीत ‘हो’ हे उत्तर खरं असू शकतं. नेराइटच्या बाबतीत ते जवळजवळ नेहमी खोटं असतं. नेराइटची पिल्लं वाढायला मचूळ पाणी लागतं. गोड्या पाण्यात ती काचेवर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवत राहते, पण त्यातून पिल्लं येत नाहीत. दुकानातली नेराइट बहुतेक करून पकडून आणलेली असते, म्हणून तिला बादलीतून सूट नाही. दुसरा प्रश्न : ही झाडं खाते का? मिस्टरी म्हणून कधी कधी तिची खादाड चुलत बहीण गळ्यात मारतात. मिस्टरीच्या शंखाचे खांदे सपाट असतात. दुसरीच्या वेढ्यांमधली खाच खोल, पन्हळीसारखी. ही दुसरी जगभर भातशेतीची शत्रू ठरली आहे. ती घेऊच नका.

कागदपत्रं काहीच नाहीत. घरी गोगलगाय पाळायला परवाना लागत नाही. फक्त बिल घ्या, आणि औषध घेतलं असेल तर त्याचं बिल नक्की घ्या.

फुकटची गोगलगाय

मनोरीत हा मोह मोठा असतो. पावसाळा लागला की डबक्यांत, खाचरांत, विहिरीच्या काठाला गोगलगायी दिसतात आणि पोरं डबा भरून आणतात. परत पाठवा. आपल्याकडच्या डबक्यांत सर्रास आढळणारी चपटी, काळसर, चकलीसारखी वळलेली गोगलगाय गुरांच्या रक्तातल्या जंतांची वाहक असते, आणि तिची दुसरी एक लांबुडकी भाऊबंद शेळ्या-म्हशींच्या यकृतातल्या चपट्या कृमींची. त्या कृमींच्या अळ्या गोगलगायीच्या पोटात वाढतात आणि पाण्यात बाहेर पडतात. काही अळ्या माणसाच्या कातडीतही शिरू पाहतात. तिथे त्यांचं निभत नाही, पण तुमच्या हाताला काही दिवस खाज सुटते.

समुद्राच्या खडकांवरच्या गोगलगायी आणाल तर त्या गोड्या पाण्यात मरतील, इतकंच.

बादली

सामान असं : पंधरा-वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, दीडशे ते अडीचशे रुपये. हवेचा पंप अडीचशे ते पाचशे. स्पंज फिल्टर दीडशे ते तीनशे. क्लोरीन काढायचे थेंब साठ ते एकशेवीस. घड्याळजी वापरतात तसं दहापट भिंग शंभर ते दोनशे. सगळं मिळून सातशे ते चौदाशेच्या आत, आणि तेही एकदाच. पुढची कित्येक वर्षं हीच बादली पुरते.

कुठलीही नवी गोगलगाय तीस दिवस या बादलीत ठेवा. दुकानाच्या पिशवीतलं पाणी बादलीत ओतू नका, टँकमध्ये तर मुळीच नाही. स्पंज नवा असेल तर तो आधी दोन आठवडे मुख्य टँकमध्ये ठेवा म्हणजे उपयोगी जिवाणू धरतात. मात्र बादलीत वापरलेला स्पंज उकळल्याशिवाय पुन्हा टँकमध्ये घालू नका. जाळं, चिमटा आणि नळीही वेगळीच ठेवा.

बादलीला जाळी बांधा. एक कारण, मिस्टरी स्नेल रात्री बाहेर पडते आणि सकाळी कपाटाखाली सापडते. दुसरं कारण महापालिका. घरात उघडं साठलेलं पाणी आणि त्यात डासांच्या अळ्या दिसल्या तर कीटकनाशक विभागाचे लोक नोटीस देतात. त्यांना गोगलगायींचं विलगीकरण समजावून सांगण्यापेक्षा वीस रुपयांची मच्छरजाळी स्वस्त.

पहिल्या आठवड्यात काचेच्या पेल्याची चाचणी करून बघा. खर्च शून्य. हातमोजे घालून एकेक गोगलगाय स्वच्छ, क्लोरीन काढलेल्या पाण्याच्या पेल्यात ठेवा. पेला खिडकीच्या उजेडात तीन-चार तास राहू द्या, मात्र पाणी तापेल असं ऊन नको. मग मागे काळा कागद धरून भिंगातून बघा. अळ्या असतील तर पाण्यात बारीक पांढरे ठिपके शेपूट झटकत वरखाली होताना दिसतात. प्रकाश पडला की त्या बाहेर येतात, म्हणून उजेड हवा. असं दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा, कारण त्या रोज बाहेर पडत नाहीत. ठिपके दिसले तर ती गोगलगाय ठेवू नका आणि पेल्यातलं पाणी उकळून मगच ओता. काही दिसलं नाही तर गोगलगाय निर्दोष ठरली असं नव्हे, तीस दिवस पुरे करायचेच.

एक आडवाट आहे आणि ती उत्तम आहे. मिस्टरी स्नेल पाण्याच्या वर, काचेला अंड्यांचा गुलाबट पोळा चिकटवते. तो पक्का झाला की अलगद सोडवा आणि नव्या, स्वच्छ टँकमध्ये दमट जागी पाण्यावर ठेवा. दोन ते चार आठवड्यांत पिल्लं निघतात. चपट्या कृमींचं चक्र पुरं व्हायला पक्षी, गुरं, मासे असा मोठा प्राणी मध्ये लागतो. तो नसेल तर अंड्यातून आलेली पिल्लं त्यांच्यापासून मुक्त असतात. म्हणजे आईबापांवर औषधोपचार करण्यापेक्षा पोरं वेगळी वाढवा.

पाणी आणि शंख

आजारी म्हणून दाखवलेल्या बहुतेक गोगलगायींना जंत नसतात, कॅल्शियम कमी पडलेलं असतं. मुंबईचं नळाचं पाणी तलावांतलं, मऊ. माणसाला चांगलं, पण त्यात शंख हळूहळू विरघळतो. शेंड्याकडे पांढरे खड्डे पडतात, तोंडाशी नवी वाढ पातळ येते. झालेले खड्डे भरत नाहीत. नवी वाढ मात्र सुधारते. आरओचं पाणी त्याहून वाईट, त्यात काही उरलेलंच नसतं. विहिरीचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर आधी मोजा. खाडीकाठच्या विहिरींत उन्हाळ्यात खारटपणा वाढतो. डासांसाठी विहिरीत औषध टाकलं आहे का, तेही विचारा. गिझरचं पाणी नको, आत तांबं असतं.

दुकानात ‘कॅल्शियम बूस्टर’ची छोटी बाटली दोनशे-तीनशेला मिळते. तुम्हाला ती विकत घ्यायची गरज नाही, तुमच्या किनाऱ्यावर ती फुकट येते. पावसाळ्यानंतर मनोरीच्या वाळूत पांढरं, होडीच्या आकाराचं, बोटाने ओरखडलं की भुगा होणारं जे सापडतं, ते समुद्रफेन. माकूल म्हणतात त्या जातीच्या प्राण्याच्या पाठीतलं हाड. डांबराचे डाग नसलेलं निवडा. पावसाळ्यात किनाऱ्यावर तेलाचे गोळे येतात आणि त्यांचा डाग धुऊन जात नाही. घासा, सहा दिवस गोड्या पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, दहा मिनिटं उकळा, वाळवा. वीस-तीस लिटरला सुपारीएवढा तुकडा पुरे. आधी तरंगेल, म्हणून दगडाला बांधा. पक्ष्यांच्या दुकानात हेच तीस ते शंभर रुपयांना मिळतं.

पोवळ्याचे तुकडे म्हणून काही विकायला आलं तर घेऊ नका, आपल्याकडे पोवळी वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. आणि कुणी सांगितलं म्हणून पानाला लावायचा चुना टँकमध्ये टाकू नका. काही मिनिटांत पाणी इतकं जहाल होतं की मासेही जातात.

मोजायचं काय? सामू ७ ते ८, तापमान २२ ते २८ अंश, अमोनिया शून्य. टीडीएस मीटर दोनशेला मिळतो, पण तो कॅल्शियम मोजत नाही, नुसते विरघळलेले क्षार मोजतो. दुकानदार हे सांगत नाही. मेमध्ये पाणी तिशीच्या वर गेलं की गोगलगायीचं आयुष्य भराभर सरतं. टँक खिडकीपासून हलवा, झाकण थोडं उघडा, जाळी लावा.

खाऊ : सोललेली काकडी, दुधी, उकडलेला पालक, शेवग्याची पानं. शेवगा तर दारातच असतो आणि त्यात कॅल्शियम भरपूर. भाजी बाजारातली असेल तर फवारणी धुऊन टाका. उरलेलं मुंबईच्या उकाड्यात सहा तासांत काढा. रंग सुंदर येतो म्हणून देशी बदामाची पानं टाकायची सवय असेल तर गोगलगायींसाठी ती बंद करा, पाणी आंबट होतं.

कोणता किडा, काय करायचं

संध्याकाळी टॉर्च आणि भिंग घेऊन बसा. गोगलगाय शिंगं काढून काचेवर चढत असेल आणि शिंगांच्या मुळाशी, शंखाच्या कडेला पारदर्शक, दोन-तीन मिलिमीटरचे दोरे डुलत असतील, तर घाबरू नका. हे गोगलगायीच्या अंगावर राहणारे वलयी किडे आहेत. ते पाण्यातले बारीक जीव टिपतात आणि कृमींच्या अळ्याही खातात. म्हणजे ते जवळपास पहारेकरीच. फारच दाटी झाली आणि गोगलगाय अंग आत ओढून घेऊ लागली तर पाणी बदला, खाणं कमी करा.

काचेवर सरपटणारे, त्रिकोणी डोक्याचे, दोन डोळ्यांचे चपटे किडे म्हणजे प्लॅनेरिया. ते अंडी आणि बारीक पिल्लं फस्त करतात. यावर परदेशी पावडर मिळते आणि तिच्यात बहुतेक वेळा सुपारीचा अर्क असतो. सुपारी आपल्याला लागते तशी त्यांना लागते, पण नेराइट आणि मिस्टरीलाही लागते आणि त्या उठत नाहीत. कुत्र्यांच्या जंतांची फेनबेंडाझोलची गोळी वापरणारे बरेच आहेत. नेराइट असतील तर तीही नको. त्याऐवजी छोट्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडा, आत कोळंबीचा नखाएवढा तुकडा ठेवा, रात्री टँकमध्ये ठेवा, पहाटे किड्यांसकट काढा. आठ-दहा रात्री. खर्च एका कोळंबीचा.

जळू असेल तर ती चपटी, मळकट असते आणि शंखाच्या तोंडाशी चिकटलेली दिसते. चिमट्याने काढा, गोगलगाय बादलीत हलवा, टँकमधली झाडं बाहेर काढून एकेक तपासा. जळवा बहुतेक झाडांबरोबरच आलेल्या असतात. मिठाचं पाणी करून गोगलगाय बुडवायचा सल्ला अनेकजण देतील. मी देणार नाही. मिठाने जळू सुटते, आणि थोडा अंदाज चुकला तर गोगलगायही सुटते.

नवी झाडं घेतली की तुरटीच्या पाण्यात काही तास बुडवून, नीट धुऊन मग लावा. तुरटी किराणा दुकानात दहा रुपयांत. झाड बुडवायचं, गोगलगाय नाही.

माशांच्या औषधांबद्दल एकच नियम. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर घेऊ नका. तांबं, मॅलॅकाइट ग्रीन किंवा फॉर्मॅलिन छापलेलं असेल तर टँकमध्ये घालू नका. आजारी मासा दुसऱ्या बादलीत न्या आणि औषध तिथेच द्या. प्राझिक्वांटेल गोगलगायींना त्यातल्या त्यात सोसतं, पण ते माशांच्या आणि कुत्र्यांच्या मोठ्या कृमींसाठी आहे. गोगलगायीच्या पोटातल्या अळ्यांवर त्याचा भरवसा धरू नका. कुत्र्यांच्या गोळ्यांत ते बहुधा दुसऱ्या औषधांबरोबर मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा.

तरंगणारी गोगलगाय मेलेली असतेच असं नाही, पोटात हवा असते. बाहेर काढून वास घ्या. मेली असेल तर संशय उरणार नाही. मग एक मिनिटही थांबू नका, छोट्या टँकमध्ये एक मोठी गोगलगाय कुजली तर अमोनियाने बाकीचेही जातात.

डॉक्टर, आणि तुमचे हात

पक्षी-कासवांचे डॉक्टर उपनगरांत आहेत, तपासणी साधारण पाचशे ते दीड हजार. गोगलगाय बघता का, हे फोनवर विचारल्याशिवाय निघू नका. मी विचारलेल्यांपैकी दोघे हसले. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ सालची. ती शिकवणारी आणि संशोधन करणारी संस्था आहे, दवाखाना नव्हे. बरेच टँक असतील आणि मरतूक मोठी असेल, तरच आधी संपर्क करून जा. मनोरीहून मार्वेची फेरी, मढची बस आणि मढहून वर्सोव्याची फेरी ही जवळची वाट आहे. पावसाळ्यात दुसरी फेरी बंद असते.

हात मात्र रोज धुवा. साबणाने, कोपरापर्यंत, आणि टँकमध्ये घालण्याआधीही नुसत्या पाण्याने. हातावर जखम असेल तर हातमोजे. गोगलगायींमुळे माणसाला काही होत नाही असं समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार १९५२ साली नोंदला गेला, आणि तो एका इवल्याशा टोपीच्या आकाराच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीकडून येत होता. टँकमध्ये वाढलेल्या गोगलगायीकडून तुम्हाला तसं काही होणार नाही, डबक्यातल्या गोगलगायीची मात्र मी हमी देणार नाही. टँकचं काढलेलं पाणी फुलझाडांना घाला, कच्ची खायची कोथिंबीर-मुळा यांना नको.

दुकानदाराने चुकीचं औषध दिलं, किंवा पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल आणि बाटलीचा फोटो जवळ ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. साठ रुपयांसाठी तुम्ही तिथवर जाणार नाही हे दुकानदारालाही माहीत असतं. हेल्पलाइनचा फोन मात्र फुकट आहे, तेवढा करा.

शेवटचा खर्च म्हणजे जास्त झालेल्या गोगलगायींचा. रॅम्सहॉर्नच्या दोनाच्या दोनशे होतात. ओळखीत वाटा, दुकानदाराला परत द्या, नाहीतर फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून, गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका. विहिरीत, तळ्यात, खाडीत किंवा गटारात मात्र एकही सोडू नका.